बॅटरीतली वीज फुकट येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवावं यावर लेख आला होता. त्यात ठळक चौकटीत एक वाक्य होतं : ‘शक्यतो गाडी बॅटरीवरच चालवा, इंजिन सुरू होऊ देऊ नका.’ लेख लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्या वाक्यात सांगितलंय तशी गाडी मी स्वतः, कुणी न सांगता, चार महिने चालवली आहे आणि त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या आठवणींना लावा, आकड्यांना नको.

मी ३४ वर्षं प्रवासी बस चालवली. दहा लिटर डिझेलमध्ये कोणी किती किलोमीटर काढले, हे आमच्या डेपोत फळ्यावर लिहिलं जायचं आणि माझं नाव त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात कधी आलं नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, ब्रेकवर पाय गेला की टाकीला भोक पडलं असं समज. निवृत्तीनंतर मुलानं आणि सुनेनं हायब्रिड गाडी घेतली. चावी हातात आली तेव्हा मनात म्हटलं, आता दाखवतो यांना.

पहिली टाकी मी संपवली : ६१२ किलोमीटर, ३४ लिटर, म्हणजे लिटरला १८. दुसरी टाकी जवळजवळ त्याच रस्त्यांवर सुनेनं संपवली : ६३८ किलोमीटर, २९ लिटर, लिटरला २२. घरात यावर कोणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

माझं चुकलं ते असं. इंजिन बंद होऊन गाडी नुसत्या मोटरवर चालू लागली की डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा लागतो. मी त्या दिव्याच्या नादी लागलो. सिग्नल सुटला की मुंगीच्या पावलानं निघायचं, मागचे हॉर्न वाजवताहेत तर वाजवू द्यायचे, पण इंजिन लागू द्यायचं नाही. जबरदस्तीनं बॅटरीवर चालवण्याचं एक बटण असतं, तेही दाबायचो. बॅटरीच्या दांड्या उतरत दोनवर आल्या की इंजिन आपणहून सुरू व्हायचं आणि मग गाडी सिग्नलला उभी असली तरी घरघरत राहायचं. तेव्हा मला वाटायचं, गाडीतच काहीतरी बिघाड आहे. सून एकदा शेजारी बसली होती. दहा मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला दिवा लावायचाय की पेट्रोल वाचवायचंय?”

ज्या हायब्रिडला घरी चार्जिंगची वायर लावता येत नाही, तिच्या बॅटरीत वीज येते कुठून? एकतर इंजिन जनरेटर फिरवतं तेव्हा, नाहीतर गाडीचा वेग कमी होताना मोटर उलटी जनरेटरचं काम करते तेव्हा. म्हणजे शेवटी सगळं येतं पेट्रोलच्या टाकीतूनच. आणि या देवघेवीत दलाली जाते. इंजिनाची ताकद जनरेटरमध्ये, तिथून बॅटरीत, बॅटरीतून मोटरमध्ये, अशा तीन टप्प्यांत ढोबळ मानानं दहा-दहा टक्के गळती धरली तर १०० घातल्यावर ७३ हाती येतात. तीच ताकद इंजिनातून थेट चाकाला गेली असती तर ही दलाली वाचली असती. मी काय करत होतो, तर बॅटरी रिकामी करून गाडीला ती पुन्हा पेट्रोलनं भरायला लावत होतो, आणि वर हिरव्या दिव्याकडे बघून खूश होत होतो.

ही बॅटरी असते केवढी? आमच्या गाडीची १.३ युनिटची आहे. त्यातही गाडीचा कॉम्प्युटर ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. आयुष्य टिकावं म्हणून साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. म्हणजे वापरायला मिळतं अर्धं युनिट. एक लिटर पेट्रोल जाळून चांगलं इंजिन तीन युनिटांच्या आसपास काम देतं, त्या हिशेबानं अख्ख्या बॅटरीची वापरता येणारी पुंजी सुमारे दीडशे मिलिलिटर पेट्रोलएवढी. ती तिजोरी नव्हे, सुट्ट्या पैशांचा बटवा आहे. सारखी घालकाढ करायला ठीक, त्यावर संसार चालत नाही.

मग सुनेच्या शेजारी बसून ती काय करते ते पाहिलं. बस शिकताना क्लीनरच्या जागेवर बसून पाहायचो, तसंच. ती सिग्नलवरून निघताना बऱ्यापैकी पाय देते. रेस नव्हे, पण ठामपणे. इंजिन लागतं, गाडी ४५-५० वर जाते. मग पाय क्षणभर सोडते, इंजिन बंद पडतं, आणि ती पाय अगदी हलका ठेवून गाडी तरंगत नेते. समोरच्या पडद्यावर ऊर्जेचे बाण असतात. तिच्या पायाखाली ते बाण नाहीसेच होतात. बॅटरीतून काही जात नाही, बॅटरीत काही येत नाही. वेग थोडा उतरला की पुन्हा एकदा ठाम पाय.

यात मर्म असं आहे की पेट्रोल इंजिनाला अगदी थोडं ओझं दिलं तर ते फार उधळ्या असतं, आणि मध्यम ओझ्यावर सर्वांत काटकसरी. हायब्रिडमधली इंजिनं तर बहुतेक ॲटकिन्सन पद्धतीची. जेम्स ॲटकिन्सन हा एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश इंजिनिअर. आजच्या इंजिनात त्याची कल्पना अशी वापरतात : हवा आत घेणारा व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद करायचा, म्हणजे दाबायला कमी वायू उरतो, पण जळल्यावर फुगायला पूर्ण जागा मिळते. तेवढ्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं. टोयोटाने २०१५च्या प्रिअस या आपल्या हायब्रिड गाडीत या इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत नेल्याचं सांगितलं होतं. असं इंजिन सुरुवातीच्या ओढीला कमी पडतं, ती उणीव मोटर भरून काढते. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रिअस आली तेव्हापासून ही जोडी जमलेली आहे. सांगायचा मुद्दा, इंजिन हा शत्रू नाही. त्याला काम द्यायचं तेव्हा पुरेसं द्यावं, नसेल तेव्हा बंद राहू द्यावं, आणि हा निर्णय बहुतेक वेळा कॉम्प्युटर आपल्यापेक्षा बरा घेतो. ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत असताना तो स्वतःहून मोटरवर जातो, तिथे आपण लुडबूड करायची गरज नाही. ते बटण मी त्या दिवसापासून दाबलेलं नाही. हो, एकदाच, रात्री उशिरा घरच्यांची झोप न मोडता गाडी आत लावायला.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुनं शिक्षण अर्धं उपयोगी पडलं आणि अर्धं आडवं आलं. उपयोगी पडली ती नजर. चार गाड्यांपुढचा लाल दिवा दिसला की पाय उचलायचा आणि तिथे पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होईल अशा बेतानं जायचं. बसमध्ये हेच केलं. ब्रेक लागलाच नाही तर सगळ्यात उत्तम, कारण ब्रेकमधून परत मिळालेल्या विजेतही ती दलाली असतेच. आडवी आली ती दुसरी सवय. थांबायचंच आहे हे ठरल्यावरही मी ब्रेक शेवटपर्यंत टाळायचो आणि मग एकदम दाबायचो. नात अकरावीत आहे, तिनं मला गणित मांडून दाखवलं. १४०० किलोची गाडी ६० च्या वेगात असली की तिच्या अंगात १९४ किलोज्यूल असतात. दहा सेकंदांत थांबवली तर सरासरी १९ किलोवॅट होतात, तीन सेकंदांत थांबवली तर ६५. लहान बॅटरीला एका वेळी वीस-पंचवीस किलोवॅट गिळता येतात. बाकीचं सगळं साध्या ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन जातं. म्हणून थांबायचं असेल तर ब्रेक लवकर आणि हलका. डॅशवरचा चार्जचा काटा त्याच्या पट्टीच्या टोकाला जाऊ द्यायचा नाही. अगदी शेवटच्या टप्प्यात, वेग दहाच्या खाली आला की, तसेही साधेच ब्रेक काम करतात. तिथे जास्त जीव काढू नये.

उतारावर न्यूट्रल करणं ही तर आमच्या पिढीची खोडच. सांगूनही जात नाही. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला टाकलं की चार्जिंग थांबतं. ज्या उतारावर फुकटात मिळणार होतं तिथेच हात आखडता. गिअरचा दांडा डी वर, म्हणजे नेहमीच्या पुढे जायच्या जागीच ठेवायचा. लांब घाट असेल आणि बॅटरी भरून गेली असेल तर त्याच दांड्यावरचं बी लावावं. त्यात इंजिन फिरून गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पण ते ब्रेकच्या बचावासाठी. काहीजण सपाटीवरही दिवसभर बी लावून फिरतात, त्यात काही मिळत नाही.

थंड इंजिनाबद्दल आपल्या लेखात एक अक्षर नाही, आणि रोजच्या वापरात सगळ्यात मोठी गळती तीच आहे. सकाळी गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असो की नसो, इंजिन थोडा वेळ चालतंच. ते स्वतः तापलं पाहिजे, धुरातली घाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापला पाहिजे. दोन किलोमीटरचं काम असेल तर तापेपर्यंत काम संपतं, गाडी उभी राहते, इंजिन निवतं आणि पुढच्या कामाला पुन्हा पहिल्यापासून. मी दिवसाची तीन कामं तीन वेळा बाहेर पडून करत असे, वेळ भरपूर म्हणून. आता एकाच फेरीत उरकतो. सगळ्यात लांबचं आधी, म्हणजे इंजिन एकदा नीट तापतं आणि पुढची जवळची कामं गरम इंजिनावर होतात. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीत असं दिलंय की बाहेर २५ ऐवजी उणे ७ अंश तापमान असेल तर शहरातल्या वापरात साध्या गाडीचं ॲव्हरेज १५ टक्के उतरतं आणि हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के. कारण तेच. थंडीत हीटर लावला की त्या उष्णतेसाठीही अनेक गाड्यांत इंजिन चालत राहतं. थंडीत कोणाचं ॲव्हरेज पडलं तर लगेच बॅटरी गेली असं समजून घाबरू नये.

टायरचं थोडक्यात सांगतो, जरी त्यावरूनच मी सगळ्यात जास्त डोकं फोडलं. जुने टायर झिजले म्हणून बदलले, आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज दीडनं उतरलं. दुकानदारानं मापाचे पण दुसऱ्या जातीचे टायर घातले होते. गाडीबरोबर येतात ते कमी घर्षणाचे असतात, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. नव्या टायरची नक्षी उंच, म्हणजे घेर मोठा. तेवढ्याच रस्त्याला चाकाचे फेरे कमी, म्हणजे मीटरवर किलोमीटरच कमी पडतात, एक-दोन टक्के. ॲव्हरेज तेवढं उतरलेलं दिसतं, पण पेट्रोल काही जास्त गेलेलं नसतं. हवेचं सांगायचं तर दारालगतच्या खांबावर जो आकडा लिहिलाय तो, टायर थंड असताना, महिन्यातून एकदा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की एक पौंड हवा उतरते.

मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते, ती बहुतेकांना स्पीकरची वाटते. बॅटरीला गार हवा तिथून जाते. माझी घडी केलेली चादर तिच्यावर पडून होती आणि मागून पंखा का ओरडतोय ते मी आठवडाभर शोधत होतो. बॅटरी तापली की कॉम्प्युटर तिचा वापर आखडतो, मग पेट्रोलच जळतं. ही जाळी मोकळी ठेवावी, तिचा फिल्टर धुळीनं भरतो तोही साफ करून घ्यावा.

मोठ्या रस्त्यावर हायब्रिडचा चमत्कार कमी होतो. तिथे ब्रेकच लागत नाही तर परत मिळणार काय? हवेचा अडसर वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला मोटर काय करणार. वरचं सामानाचं खोकं रिकामं असेल तर काढून ठेवावं. त्याच अमेरिकी माहितीप्रमाणे मोठं बोजड खोकं वेगवान महामार्गावर १० ते २५ टक्के इंधन खातं.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसलो ते. पायाची सवय सुधारून माझी सगळ्यात चांगली टाकी ६९० किलोमीटर, ३० लिटर अशी झाली. लिटरला २३. छाती फुगली. पण आमच्या घरातली सर्वांत मोठी बचत पायानं झालेलीच नाही. घरात दुसरी एक जुनी पेट्रोल गाडी आहे. शहरात ती लिटरला १० देते, मोठ्या रस्त्यावर १६. हायब्रिड शहरात २४ आणि मोठ्या रस्त्यावर २०. मुलगा कामासाठी हायब्रिड घेऊन लांब जायचा, नवी गाडी लांबच्या प्रवासाला बरी म्हणून. शहरातली धावपळ जुन्या गाडीवर. महिन्याला दोन्हीकडे ५००-५०० किलोमीटर धरा. हायब्रिडला २५ लिटर आणि जुनीला ५०, मिळून ७५. गाड्या अदलाबदल केल्या. हायब्रिड शहरात २१, जुनी मोठ्या रस्त्यावर ३१, मिळून ५२. महिन्याला २३ लिटर वाचले, आणि गंमत म्हणजे जुन्या गाडीचं ॲव्हरेजही सुधारलं, हायब्रिडचंही.

डेपोतला आमचा फोरमन नेहमी सर्वांत वाईट बस आधी खोलायचा. चालक कुरकुरायचे, चांगल्या बसकडे बघत नाही म्हणून. तो म्हणायचा, लिटरला तीनची बस साडेतीनवर आणली तर हजार किलोमीटरला ४८ लिटर वाचतात, पाचची साडेपाचवर आणली तर १८. नातीनं सांगितलं की रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच मांडलं. लिटरला किती किलोमीटर या मोजणीनं लोकांचा अंदाज चुकतो, ठरावीक अंतराला किती लिटर हे विचारलं तर चुकत नाही. फोरमनला ही बातमी सांगायला हवी होती, आता तो नाही.

मोजायचं तर टाकी ते टाकी मोजा. त्याच पंपावर, पाइप आपणहून बंद झाला की थांबायचं, वर ओतायचं नाही. पडद्यावरचा आकडा जरा कौतुकानं बोलतो, आमच्या गाडीत लिटरमागे एकानं जास्त. दोन टाक्यांची सरासरी काढताना आकडे नुसते मिळवून निम्मे करू नयेत. सगळे किलोमीटर मिळवा, सगळे लिटर मिळवा, मग भागा.

शेवटची गोष्ट, लेखातलं ते वाक्य कुठल्या गाडीला लागू आहे ती. भिंतीला वायर लावून चार्ज होते त्या प्लग-इन हायब्रिडला ते अगदी बरोबर आहे. तिथे बॅटरीतली वीज टाकीतून येत नाही, आणि ती गाडी चार्जच केली नाही तर सारं मुसळ केरात. युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी दिली, त्यात प्लग-इन गाड्यांचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. लोक त्या जेवढ्या चार्ज करतील असं चाचणीत धरलं होतं, तेवढ्या करत नाहीत. आपल्या लेखात या दोन्ही जातींची सरमिसळ झाली आहे.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दोन ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. माझ्या व्याह्यांनी ती चौकट कापून त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवली आहे. गाडी आमच्यासारखीच, वायर नसलेली. मी तोंडानं सांगितलं तर ते हसतात. छापलेलं असेल तर ऐकतील.

आपला,
एक निवृत्त बसचालक